अंगठा लागला, पण पगारात धरला का? देवनारपासून तुमच्या ऑफिसपर्यंत हजेरीचा हिशेब

देवनारच्या डंपिंग ग्राउंडवर १९२७ पासून मुंबईचा कचरा येतोय. तो उचलणाऱ्या हातांची हजेरी कोण आणि कशी लिहितो, हा प्रश्न मात्र कोर्टापर्यंत गेला. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या खटल्यात एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या बाजूने निकाल दिला. तरीही अनेकांची फाइल अडकली. कारण? यादीतलं नाव आणि कागदपत्रांवरचं नाव, स्पेलिंग वेगळं. काम केलं होतं, पण रेकॉर्ड जुळत नव्हतं.

त्याच वर्षी पालिकेत बायोमेट्रिक हजेरी आली आणि पुढे ती पगाराशी जोडली गेली. कर्मचाऱ्यांची तक्रार होती की मशीनच्या गोंधळामुळे पगार कापला जातो. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे अंगठा बंद करावा लागला. नंतर तो पुन्हा सुरू करताना संघटनांनी विरोध केला.

मशीन नेमकं काय करतं? ते तुमच्या बोटाचा फोटो जुळवत बसत नाही. रेषा कुठे फुटतात, कुठे संपतात, त्या खुणांचा एक सांकेतिक नमुना साठवतं. झाडू, फावडं, केमिकल यांनी बोटं झिजली की खुणा पुसट होतात आणि मशीन ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतं. म्हणजे जास्त कष्टाचं काम करणाऱ्यालाच मशीन जास्त नाकारणार! चेहरा ओळखणाऱ्या ॲपमध्ये हा त्रास कमी, पण तिथे उजेड आणि नेटवर्क नडतं.

खरी गडबड पुढच्या टप्प्यात होते. मशीनचा लॉग सर्व्हरवर जातो, तिथून पगाराचं सॉफ्टवेअर तो वाचतं. जाताना पंच राहिला तर ‘अर्धा दिवस’ धरायचा की ‘गैरहजर’, हा नियम सॉफ्टवेअरमध्ये माणूसच टाकतो. रोजची जादा १० मिनिटं ‘राउंड ऑफ’ झाली, तर २६ दिवसांत ४ तास २० मिनिटं गेली. तासाला १०० रुपये धरले तर ओव्हरटाइमच्या दुप्पट दराने साधारण ८६६ रुपये. मोबाइलचे दोन-तीन रिचार्ज झाले की.

आता हे जास्त महत्त्वाचं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांसाठी रोजची मर्यादा ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. तिच्यानुसार पगाराची स्लिप देणं मालकाचं काम आहे, दाव्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे, आणि पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारीही मालकावर आहे. तुम्ही तेवढे तास काम केलंत, हे दाखवायला मात्र स्वतःची नोंद हाताशी असलेली बरी.

त्यासाठी वेगळं ॲप नको. महिनाअखेरीला हजेरी ॲपमधला रिपोर्ट पीडीएफमध्ये उतरवून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. नुसता स्क्रीनशॉट बदलता येतो, त्याला वजन कमी. पंच झाला नाही तर त्याच दिवशी सुपरवायझरला वेळ लिहून मेसेज टाका. तोंडी सांगितलेलं महिन्याने कुणाला आठवत नाही. गुगल मॅप्सची टाइमलाइन चालू असेल तर बॅकअपही चालू ठेवा, कारण ती आता फोनमध्येच साठते. फोन बदलला की गेली. आणि पहिल्याच दिवशी ॲपमधलं आपलं नाव आधार आणि बँक पासबुकाशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या.