तीन घाटांचा बेत

डोंगरातला रस्ता आम्हाला नवा नाही. चिपळूणहून कऱ्हाडला जायचे तर कुंभार्ली घाट चढावाच लागतो आणि तो आम्ही किती वेळा चढलो-उतरलो, याचा हिशेब नाही. म्हणून मुलाने स्वित्झर्लंडमधून फोन करून सांगितले, "अब्बा, जुलैत या, दादीलाही आणा, एका दिवसात तीन घाट दाखवतो," तेव्हा आम्ही लगेच हो म्हटले. मुलगा तिथे नोकरीला आहे. सूनबाईंनी महिनाभर आधी मायरिंगेन गावात दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या.

बेत असा होता : मायरिंगेनहून निघून ग्रिमझेल, मग फुर्का, मग झुस्टेन हे घाट करून संध्याकाळी पुन्हा मायरिंगेन. सगळा फेरा सुमारे १२० किलोमीटरचा. आकडा ऐकून वाटते, दोन-अडीच तासांचे काम. पण यातला सर्वांत ठेंगणा घाट ग्रिमझेल, तोही २,१६४ मीटर उंच. झुस्टेन २,२२४ आणि फुर्का २,४२९ मीटर. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचे आहे, यावरून कल्पना यावी. हे रस्ते बर्फामुळे साधारण जून ते ऑक्टोबर एवढेच खुले असतात. सकाळी निघताना घाट चालू आहे की बंद, हे तिथले लोक आधी पाहून घेतात.

नऊ वाजता नाश्ता करून निघालो. उकडलेली अंडी, पाव, चीज आणि थर्मासमध्ये चहा असा डबा सोबत होता. मुलगा गाडी चालवत होता, अम्मी मागे खिडकीपाशी. इनर्टकिर्खेन हे गाव सोडले की चढ सुरू होतो. आधी देवदाराची झाडे, मग झुडपे, मग नुसता राखाडी कातळ. वाटेत धरणांचे जलाशय लागतात. त्यांचे पाणी पाहून सूनबाई म्हणाल्या, "यात दूध ओतलंय की काय?" हिमनदी खडक घासत सरकते, त्याची भुकटी पाण्यात मिसळते, म्हणून हा दुधी हिरवा रंग.

ग्रिमझेलच्या माथ्यावर एक छोटा तलाव आहे. नातवंडांना सांगण्यासारखी गोष्ट इथे आहे. या माथ्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस आरे नदीतून ऱ्हाइनला मिळतो आणि उत्तर समुद्रात जातो. दक्षिणेला पडलेला पाऊस ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्रात. शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब, पण मुक्काम केवढा वेगळा! अम्मी बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिल्या. त्या बोलत नव्हत्या. आम्हाला वाटले, नजारा पाहून मन भरले असेल.

तिथून नागमोडी वळणे उतरून ग्लेच या वस्तीत आलो आणि लगेच फुर्काची चढण लागली. वळणावर बेल्वेदेर नावाचे जुने हॉटेल आहे, १८८२ साली उघडलेले, आता बंद. जुन्या चित्रांत या हॉटेलच्या अगदी बाजूला ऱ्होन हिमनदीचा बर्फ दिसतो. एकोणिसाव्या शतकात तर तो खाली ग्लेचच्या दरीपर्यंत पोहोचलेला होता. आता हॉटेलपाशी उभे राहिले की आधी उघडा खडक, मग वितळलेल्या पाण्याचे तळे आणि त्यामागे बर्फ. उन्हाळ्यात कडेच्या बर्फावर पांढऱ्या कापडाच्या चादरी अंथरतात. बर्फात कोरलेली गुहा उन्हाने लवकर वितळू नये, यासाठी ही धडपड. आजाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालावे तसे ते दृश्य. इतका मोठा बर्फ माणसाच्या एक-दोन पिढ्यांत मागे सरतो, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि समोर पाहणे वेगळे.

जोहरची वेळ झाली होती. गाड्या लावण्याच्या जागेच्या कडेला आम्ही कसर नमाज अदा केली. वुजूचे पाणी इतके थंड की बोटे बधिर झाली. अम्मींनी मात्र गाडीतच बसून नमाज पढली. एरवी घरी त्या उभ्यानेच पढतात. गुडघे दुखत असतील, असे आम्ही समजून घेतले. विचारले कोणीच नाही.

फुर्काचा माथा ओलांडून रेआल्प गावाकडे उतरू लागलो. हा रस्ता अरुंद आहे आणि बऱ्याच ठिकाणी कडेला फक्त दगडी खांब. जवळजवळ ९०० मीटर उतरायचे. मुलगा प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत होता. थोड्या वेळाने जळका वास आला. त्याच क्षणी मागून अम्मींचा आवाज आला, "बेटा, गाडी थांबव."

कडेला जागा पाहून थांबलो. अम्मींना उलटी झाली. चेहरा पांढरा, हात गार. त्यांना ग्रिमझेलपासूनच गरगरत होते. "मुलांच्या आनंदात माझं कुठं काढू?" एवढेच त्या म्हणाल्या. सूनबाई त्यांचे तळवे चोळत बसल्या. मुलगा गाडीभोवती फिरत राहिला. आम्ही कोणी त्याला बोललो नाही. बोलायचे तर आधी स्वतःलाच बोलावे लागले असते.

ब्रेक निवेपर्यंत अर्धा तास तिथेच गेला. पुढे गिअर खालचा ठेवून, इंजिनाच्या जोरावर गाडी आवरत हळूहळू उतरलो. कुंभार्लीत आम्ही हेच करतो. ऑटोमॅटिक गाडीतही तशी सोय असते, पण मुलाने ती कधी वापरली नव्हती आणि आम्हीही आठवण केली नाही. चढताना माणूस भितो, म्हणून जपून चालवतो. उतरताना बेफिकीर होतो, आणि दगा तिथेच असतो.

अँडरमाटला चहा घेतला. अम्मी जरा सावरल्या. वासेन गावात झुस्टेनचा रस्ता डावीकडे वळतो. तिथे गाडी थांबली. मुलाचे महिन्याभराचे स्वप्न समोर होते. १९४६ साली खुला झालेला हा घाट खास मोटारींसाठी बांधलेला, असे तो आम्हाला सकाळपासून सांगत होता. अम्मी म्हणाल्या, "जाऊ या, मला बरं आहे." मुलाने आरशातून त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "नाही दादी. उरलेला घाट कुठे पळून जात नाही." त्याने गाडी सरळ महामार्गाला लावली. लुझर्नकडून ब्रूनिग या जेमतेम १,००० मीटर उंचीच्या घाटावरून फिरून आलो. अंतर दुपटीहून जास्त पडले. अम्मी वाटभर झोपल्या.

नंतर कळले की ओबरवाल्ड ते रेआल्प मोटारी आगगाडीवर चढवून बोगद्यातून नेतात. १९८२ पासून ही सोय आहे. ग्लेचहून थोडे खाली उतरलो असतो, तर अम्मींचा तो सगळा त्रास वाचला असता. वडीलधारी माणसे सोबत असतील तर हे लक्षात ठेवावे. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच घ्यावी. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी आणि पोस्टाची पिवळी बस समोर आली तर तिचा चालक सांगेल तसे करावे, तिथला नियमच आहे. मागच्याला घाई असेल तर कडेला होऊन त्याला जाऊ द्यावे.

दोन दिवसांनी मुलगा आणि सूनबाई पहाटे झुस्टेनला जाऊन आले. अम्मी आमच्यासोबत मायरिंगेनच्या बाकावर ऊन खात बसल्या होत्या. मुलाने मोबाइलवर फोटो दाखवले, अम्मींनी एकेक मोठा करून पाहिला. म्हणाल्या, "छान आहे. पण परवा तू गाडी वळवलीस ना, ते मला जास्त आवडलं."

घरचे माणूस गप्प असेल तर ते खूश आहे, असे धरून चालू नये. सफरीत तर मुळीच नाही. दर थांब्यावर एकदा विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.