अपेक्षाभंगाचे मोल

दि. ३ जून २०२५ रोजी अमेरिकेतील शिकागोनजीकच्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेने म्युऑन नामक कणाच्या चुंबकीय गुणधर्माचे अंतिम मापन जाहीर केले. ०.००११६५९२०७०५ हा तो आकडा, आणि त्यातील अनिश्चितता एक अब्ज भागांत अवघी १२७ भाग. मात्र चारच वर्षांपूर्वी, एप्रिल २०२१ मध्ये, याच प्रयोगाचा पहिला निष्कर्ष आला तेव्हा ‘भौतिकशास्त्राचे नियम बदलणार’ अशा मथळ्यांचा जगभर वर्षाव झाला होता. या वेळी तसे काहीच घडले नाही. कारण उघड आहे. सिद्धांत आणि प्रयोग यांच्यात जी तफावत दिसत होती ती जवळजवळ नाहीशी झाली. नवलाई संपली की वृत्तपत्रांचा रसही संपतो.

वस्तुतः खरी कथा येथेच सुरू होते. १९२८ साली डिरॅक यांनी मांडलेल्या समीकरणानुसार इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचा एक विशिष्ट गुणांक नेमका २ यावयास हवा होता. प्रत्यक्षात तो किंचित अधिक भरला. ज्याला आपण निर्वात पोकळी म्हणतो ती रिकामी नसते. तिच्यात क्षणोक्षणी कण उपजतात व विरतात, आणि त्यांचा सूक्ष्म परिणाम या गुणांकावर होतो. श्विंगर यांनी १९४८ मध्ये त्याचे पहिले गणित मांडले. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचाच सुमारे २०७ पट जड भाऊबंद. आजवर न सापडलेले जड कण निसर्गात असतील, तर त्यांचा परिणाम इलेक्ट्रॉनपेक्षा म्युऑनवर सुमारे ४३ हजार पट अधिक जाणवावा, असा हिशेब आहे. प्रचंड यंत्रांनी कण फोडून जे सापडत नाही ते अतिसूक्ष्म मोजमापाने कदाचित हाती लागेल, ही आशा त्यातूनच निर्माण झाली.

या आशेपोटी काय काय केले गेले! न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन येथील ५० फूट व्यासाचे चुंबकीय कडे २०१३ मध्ये फर्मीलॅबला हलविण्यात आले. काही मिलिमीटरही वाकू न देता, तराफ्यावरून फ्लोरिडाला वळसा घालून, मिसिसिपी नदीतून, आणि शेवटी रात्री रस्ते बंद ठेवून, असा सुमारे ५ हजार किलोमीटरांचा तो प्रवास होता. म्युऑनचे आयुष्य सेकंदाच्या सुमारे २२ दशलक्षांशाचा दहावा भाग, म्हणजे २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या जवळपास वेगाने त्याला कड्यात फिरवले की तेच आयुष्य आपल्या दृष्टीने २९ पट लांबते. तेवढ्या अवधीत त्याची भोवरी मोजायची.

परंतु यंत्रापेक्षाही ध्यानात घेण्यासारखी आहे ती शास्त्रज्ञांनी स्वतःवर घालून घेतलेली बंधने. मोजणीच्या घड्याळाची गती मुद्दाम किंचित बदलून ठेवली होती. तो बदल किती, हे प्रयोगाबाहेरच्या केवळ दोन व्यक्तींना ठाऊक होते. सारे पृथक्करण पूर्ण झाल्यावरच लखोटा उघडला गेला. मनाजोगते उत्तर येईपर्यंत दुरुस्त्या करीत राहण्याचा मोह विद्वानांनाही सुटत नाही, हे ओळखूनच हा बंदोबस्त. सार्वजनिक जीवनात आकडेवारी मांडणाऱ्या किती मंडळींना ही कसोटी पेलेल, हा प्रश्न येथे बाजूलाच ठेवलेला बरा.

मग तफावत गेली कुठे? मापन बदलले नाही. २०२१ चा आकडा पुढील मोजण्यांत अधिकच पक्का झाला. बदलले ते सैद्धांतिक गणित. ही पहिलीच वेळ नव्हे. २००१ मध्ये ब्रुकहेवनच्या निष्कर्षानंतरही गणितातील एका पदाचे अधिक-उणे चिन्ह उलटे असल्याचे आढळले होते, आणि फरक बराच घटला होता. या खेपेस अडचण अधिक खोल आहे. क्वार्कपासून बनणाऱ्या कणांचा परिणाम काढण्याचे दोन मार्ग आहेत. एक, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या प्रत्यक्ष नोंदींवरून. दुसरा, महासंगणकावर मूळ सिद्धांतातून. पहिल्या मार्गात टकरींची संख्या मोजण्यासाठी आजही जी प्रक्रिया आधारभूत मानतात ती ‘भाभा प्रकीर्णन’ होय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांनी १९३६ मध्ये तिचे गणित केले होते. गंमत अशी की, २०२३ मध्ये रशियातील नोवोसिबिर्स्क येथून आलेल्या नव्या नोंदी जुन्या नोंदींशी जुळेनात. म्हणून मे २०२५ मध्ये सिद्धांतकारांनी महासंगणकाचा मार्ग स्वीकारला, आणि प्रयोग व सिद्धांत एकमेकांच्या निकट आले.

तेव्हा ‘नवे भौतिकशास्त्र सापडले’ हा मथळा जसा उतावीळ होता, तसाच ‘सारे संशोधन वाया गेले’ हा सूरही उतावीळच आहे. आज सिद्धांताची अनिश्चितता प्रयोगाच्या सुमारे चौपट आहे. म्हणजे निसर्गाने आपली बाजू स्पष्ट सांगितली आहे. मागे राहिले आहे ते माणसाचे गणित. या विषयाला दशकानुदशके पैसा व मनुष्यबळ पुरविणाऱ्या समाजाने कोणता प्रश्न विचारायचा? काय सापडले, हा एक झाला. जे सांगितले जात आहे ते किती काटेकोरपणे तपासले गेले, हा दुसरा, आणि अधिक मोलाचा. नोवोसिबिर्स्कच्या नोंदी व जुन्या नोंदी यांतील विसंगती अद्याप कुणालाही उलगडलेली नाही. जपानमधील जे-पार्क येथे अगदी वेगळ्या पद्धतीने म्युऑनचे हेच मापन करण्याची सिद्धता चालू आहे.