यंत्राचा अदमास

आमचे पुतणे पुण्यास एका कचेरींत मोठमोठ्या कामांचीं वेळापत्रकें आंखतात. परवां जेवतांना म्हणाले, “काका, कोणतें काम रखडणार, हें आतां आम्हांस कृत्रिम बुद्धिमत्ताच सांगते!”

त्यावरून मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांची हकीकत आठवली. १९७० नंतरच्या दशकांत इस्रायलांत त्यांनीं निर्णयविचारावरील शालेय पाठ्यपुस्तकासाठीं मंडळी जमविली. पुस्तक केव्हां पुरें होईल, हें प्रत्येकानें चिठीवर लिहिलें. सर्वांचा अदमास सुमारें २ वर्षांचा. मंडळींत एक जाणते गृहस्थ होते, त्यांचाहि तोच. मग अशा इतर मंडळींचें काय झालें, असें त्यांस विचारतां ते ओशाळले. शेंकडा ४० जणांचें काम तडीसच गेलें नव्हतें. बाकीच्यांस ७ ते १० वर्षें लागलीं होतीं! या पुस्तकास अखेर ८ लागलीं.

वाचकहो, अनुभव घरांतच होता, पण चिठी लिहितांना कोणास आठवला नाहीं. यंत्र करतें तें एवढेंच: जुन्या कामांच्या नोंदी चाळून त्यांचें माप नव्यास लावतें. त्यास हौस नाहीं, वरिष्ठांची भीडहि नाहीं.

परंतु नोंदी माणसेंच लिहितात. “उशिराचें खरें कारण लिहितां का रे?” आम्ही विचारलें.

“साहेबांस ‘सर्व ठीक’ लागतें, काका. गेल्या खेपेस एका मुलीनें खरें लिहिलें. तिची नोकरी गेली.”

“आणि तूं?”

वहिनी भात वाढावयास आल्या. त्यानें ताटावर हात आडवा धरला.