जगाचे राजकारण आणि घरातील तेलाचा डबा

जागतिक घडामोडींची चर्चा बहुधा शिखर परिषदा, संयुक्त निवेदने आणि राष्ट्रप्रमुखांची हस्तांदोलने यांभोवतीच फिरते. परंतु परराष्ट्रधोरणाचा पडताळा कोठे घ्यावा, असे कोणी विचारले तर स्वयंपाकघरातील तेलाच्या डब्याकडे पाहावे, असे मी सांगेन. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. अलीकडे वर्षाकाठी सुमारे १६० लाख टन. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सूर्यफुलाचे तेल मुख्यतः रशिया आणि युक्रेनमधून, सोयाबीनचे तेल अर्जेंटिना, ब्राझील अशा देशांतून येते. या देशांत जे घडते, त्याचा हिशेब फलटणच्या किराणा दुकानातही मांडला जातो.

याचा अनुभव गेल्या काही वर्षांत आपण दोन्ही अंगांनी घेतला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत काश्मीरविषयी भारतावर टीका केली. पुढे जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले. आदेशात कोणत्याही देशाचे नाव नव्हते. पण रोख कोणाकडे होता, हे व्यापाऱ्यांना सांगावे लागले नाही. आपला देश लहान आहे, प्रत्युत्तर देण्याच्या स्थितीत नाही, असे महाथिर यांनाच म्हणावे लागले. ग्राहक मोठा असला की त्याचा शब्दही वजनदार होतो.

मात्र हा पारडा उलटायला फार काळ लागला नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि काळ्या समुद्रातील बंदरांतून येणारे सूर्यफुलाचे तेल अडकले. दोनच महिन्यांनी, २८ एप्रिलला, स्वतःच्या जनतेला तेल पुरेना म्हणून इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. ती बंदी २३ मे रोजी उठली. परंतु तेवढ्या दिवसांत भारतातील घरोघरी तळणाचे बेत आखडते घेतले गेले. इंडोनेशियाचे आपल्याशी वैर नव्हते. त्याने आधी आपले घर पाहिले, एवढेच.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. हे परावलंबन कोणी बळाने लादलेले नाही. १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली झाली आणि आयातशुल्क टप्प्याटप्प्याने खाली आले. जागतिक व्यापार संघटनेत पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा भारताने राखून ठेवली होती. ती पूर्णपणे न वापरण्याचा निर्णय आपला होता, आणि त्यामागे ग्राहकाला स्वस्त तेल मिळावे हा हेतूही होता. तो हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण त्याची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याने मोजली.

ती किंमत पाहायला दूर जाण्याचे कारण नाही. दख्खनच्या पठारावर करडई हे पिढ्यान्पिढ्यांचे पीक. रब्बीत शाळवाच्या कडेने तिचे पट्टे पेरले की काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत. खोल मुळांमुळे अल्प ओलीवर ती तग धरी. कोवळ्या पाल्याची भाजी होई आणि दाण्यांचे तेल घाण्यावर निघे. काढणीच्या वेळी हात रक्ताळतात, ही मजुरांची तक्रार मात्र खरी होती. फलटणमध्ये बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्यावर बिनकाट्यांची वाणे शोधली. ‘नारी-६’ हे त्यांतील एक. म्हणजे उपाय आपल्या गावातच निघाला. पण कालव्याखाली ऊस वाढला, बाजारात पामतेल स्वस्त झाले आणि करडई शिवारातून मागे हटली.

आजचे धोरण तरी स्थिर आहे काय? सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलांवरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झाले. ऑक्टोबरमध्ये १०,१०३ कोटी रुपयांचे तेलबिया अभियान मंजूर झाले. आणि मे २०२५ च्या अखेरीस, खरिपाच्या पेरण्या तोंडावर असताना, तेच शुल्क १० टक्क्यांवर आणले गेले. महागाईने त्रासलेल्या कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय योग्य वाटतो. बियाणे खरेदी करणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो विश्वासभंग वाटतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच गरज आहे ती पाच-दहा वर्षे न बदलणाऱ्या धोरणाची: शेतकऱ्याला हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी आणि गरीब कुटुंबाला शिधापत्रिकेवर तेल.

बाजारपेठेची दारे बंद करावीत, असे मी म्हणत नाही. व्यापार ही आपल्या समाजाची जुनी वाट आहे, आणि देवाणघेवाणीने माणसे जोडली जातात हे वाचकांना मी सांगावे असे नाही. पण देणाऱ्याने हात आखडला तर चार महिने निभावेल एवढे घरचे असावे, हा संसारातला साधा नियम राष्ट्रालाही लागू पडतो. उद्या एखाद्या महासत्तेशी मतभेद व्यक्त करण्याची वेळ आली, तर आपल्या प्रतिनिधीचा आवाज किती स्थिर राहील, हे काही अंशी या शिवारातील तेलबियांवरही ठरणार आहे.