डोमकळी आधी कुणाला दिसते?

कपाशीनं पन्नाशी ओलांडली, पात्या-फुलं लागलीत, खुरपणीचा शेवटचा फेर चालू आहे. रोजच्यासारखी सापळ्याची नोंद खाली टाकतेच, पण आज थोडं वेगळं लिहायचंय. लांब झालं तर जेवणाच्या सुट्टीत वाचा.

मोबाईलवर 'शेतकरी' असं टाकून फोटो शोधून बघा. धोतर, पागोटं, कपाळावर आडवा हात, नजर आभाळात आणि पायाखाली भेगाळलेली जमीन. हा म्हातारा मी शाळेत होते तेव्हापासून तसाच उभा आहे. अतिवृष्टी होवो, गारपीट होवो, बातमीसोबत फोटो त्याचाच. बियाण्याच्या पिशवीवरचा जरा खाऊनपिऊन सुखी असतो, त्याला मिशा असतात आणि हातात बोंडांनी लगडलेली फांदी. त्याच्या मागं टोपली घेऊन हसणारी एक बाई. भिंतीवरच्या जाहिरातीत 'शेतकरी दादा', रेडिओवर 'शेतकरी बंधूंनो', भाषणात 'बळीराजा'. भगिनी आल्याच तर बंधूंच्या मागून, तोंडी लावायला.

चित्रात काय एवढं, असं म्हणाल. पण फोन कुणाला करायचा, शेतीशाळेत खुर्ची कुणाला द्यायची, हे त्या चित्रावरूनच ठरतं. माझ्या नावावर सहा एकर आहे. सात-बारा माझा, पीकविमा माझ्या नावचा, मोबाईल नंबर माझा. तरी दर हंगामात एखाद्या कंपनीचा पोरगा फोन करतो आणि माझा आवाज ऐकून म्हणतो, "ताई, मालकांना द्या." मीच बोलतेय म्हणलं तर, "बरं, संध्याकाळी करतो, ते आल्यावर." आमचे हे तालुक्याला गॅरेजवर काम करतात. कपाशीला कोणता हप्ता कधी दिला हे त्यांना माहीत असायचं कारणच नाही, आणि ते तसं मोकळेपणानं सांगतातही. पोराला पटत नाही. त्या पोराचा मला राग येत नाही. त्याला जे चित्र दाखवून पाठवलंय त्यात मी टोपली घेऊन मागं उभी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ही खास कृषी सहायक आणि विद्यापीठवाल्या साहेबांसाठी. गुलाबी बोंडअळीचं पहिलं दिसणारं लक्षण म्हणजे डोमकळी. फूल नीट उमलत नाही, पाकळ्या पिळून एकमेकीला चिकटतात, न उमलल्या गुलाबाच्या कळीसारखं दिसतं. उघडलं की आत अळी. त्या वेळी ते फूल तोडून अळीसकट नष्ट केलं तर पुढची पिढी तिथंच कमी होते. फवारणीच्या पंपावरून चालताना माणसाला डोमकळी दिसायची शक्यता कमी, कारण त्याचं लक्ष नोझलकडं आणि पायाकडं. मोटरसायकलवरून बांधावर येऊन गेलेल्याला तर नाहीच नाही. ती दिसते पात धरून खुरपणाऱ्या बाईला. तिचं डोकं फुलाच्या उंचीला असतं आणि ती दिवसाला हजारो झाडं एका हातावरून बघते. आमच्याकडं गेल्या साली पहिली डोमकळी मला नाही सापडली. खुरपायला येणाऱ्या एका मावशीनं हाक मारली, "ताई, हे फूल उमलंना बघा, दोन दिस झाले." तिनं शेतीशाळा पाहिलेली नाही. सकाळी साडेदहाला मंदिरासमोर शेतीशाळा भरते तेव्हा ती शेतात असते. तिथं खुर्च्यांवर बसून डोमकळीचा फोटो बघतात ते निम्मे जण महिनाभर तासात शिरलेले नसतात.

म्हणजे कीड ओळखायचं शिक्षण एकाला आणि कीड दिसते दुसरीला. हे नुकसान बायकांचं म्हणून सोडून देऊ नका. हे कपाशीचं नुकसान आहे, घरातल्या सगळ्यांचं.

तीच गत 'हलकं काम' या शब्दाची. खुरपणी, वेचणी, तुरीचे शेंडे खुडणं ही हलकी कामं, म्हणून गड्याचा रोज वेगळा आणि बाईचा वेगळा. आठ तास उकिडवं बसून पुढं सरकायचं काम हलकं कुणी ठरवलं, माहीत नाही. ठरवणारा उभा असणार.

आकडे दोनच देते. केंद्राच्या 2023-24 च्या श्रमबल पाहणीत गावाकडच्या काम करणाऱ्या बायकांपैकी सुमारे 77 टक्के शेतीत आहेत. पुरुषांत हेच प्रमाण 49 टक्क्यांच्या आसपास. आणि 2015-16 च्या कृषी गणनेत वहितीदार म्हणून नोंद असलेल्या बायका किती? देशभरात जेमतेम 14 टक्के. मधली सगळी माणसं 'शेतकऱ्याच्या घरातली'.

माध्यमांत बाई शेतकरी म्हणून कधी येतच नाही असं नाही. नवरा गेल्यावर येते. 'मदर इंडिया'तली नर्गिस खांद्यावर नांगर घेते ती नवरा निघून गेल्यावर. तो सिनेमा 1957 चा. आजही आमच्या मराठवाड्यात, विदर्भात पत्रकार येतात, हातात नवऱ्याचा फोटो धरायला लावतात, खटका दाबतात आणि जातात. पुढच्या जूनला ती बाई उसनवारी करून पेरणी करते, तेव्हा बघायला कुणी नसतं. महिला किसान अधिकार मंचानं 2018 साली या दोन्ही भागांतल्या 505 शेतकरी विधवांशी बोलून पाहणी केली. त्यातल्या सुमारे 40 टक्के जणींना नवऱ्याच्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. फोटोत रडली की ती शेतकऱ्याची विधवा, तलाठ्याकडं गेली की कुणीच नाही.

आणि ते 'शेतकरी नवरा नको गं बाई' वाले रील. पोरी माजल्या, शहराची हाव सुटली, वगैरे. मला त्या पोरींचं नवल वाटत नाही. त्यांनी आईची कंबर बघितलीय आणि सात-बाराही बघितलाय. त्या शेतकऱ्याला नाही म्हणत नसतील, बिनपगारी, बिननावाच्या कामाला नाही म्हणत असतील. एवढं कोणत्या रीलवाल्यानं विचारलंय का? हसणं सोपं आहे, शेअर करणं त्याहून सोपं.

यातलं काहीच नवीन नाही. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि कितीतरी गावांत पुरुषांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली. राज्य सरकारनं 1992 मध्ये बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोयही केली. स्वामिनाथन साहेबांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं, ते मंजूर न होताच संपलं. आता संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष ठरवलंय. फ्लेक्स लागतील. त्यावरच्या बाईच्या डोक्यावर टोपली नसली तरी पुष्कळ झालं.

कृषी विभागाच्या मंडळींना माझं मागणं छोटं आहे. शेतीशाळा दुपारी एक ते दोन ठेवा, बांधावर, भाकरीच्या वेळेला. गटात घरटी दोन नंबर घ्या, एक बाईचा. आणि डोमकळीचा फोटो दाखवू नका, खरी डोमकळी हातात द्या. पुरुष आले तरी चालेल, बसायला खुर्ची मिळणार नाही.

आजची नोंद: एकरी दोन कामगंध सापळे आहेत. काल रात्री सरासरी तीन पतंग, परवा दोन. सलग तीन रात्री सापळ्याला आठच्या वर गेले की फवारणीचं बघायचं, तोवर नाही. पूर्वेकडच्या पट्ट्यात डोमकळ्या सात सापडल्या, सगळ्या खुरपणाऱ्या बायकांनी तोडून दिल्या. गुरुवारी दुपारी एकला आमच्या शेतात बसतोय. आसपासच्या गावातल्या कुणाला यायचं असेल तर या, येताना तुमच्याकडं खुरपणाऱ्या बायकांना सोबत आणा आणि त्या तासाचा रोज कापू नका.