पदक तुझं, टी-शर्ट तुझा, मग दान कुणाचं?

दरवर्षी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी दुपारपर्यंत अमेरिकेतल्या तमाम हौशी धावपटूंना कंठ फुटतो. सकाळी 'टर्की ट्रॉट' उरकलेली असते, आंघोळी झालेल्या असतात, ओव्हनमध्ये काहीतरी (मराठी घरात बहुधा पनीर) शिजत असतं आणि पॉटलकला जमलेल्या मंडळींत अनुभवकथन सुरू होतं. पहिला मैल किती मिनिटांत मारला. दुसऱ्या मैलाला पोटरीत गोळा कसा आला. स्ट्रोलर ढकलत पळणारी एक बाई आपल्याला कशी आरामात मागे टाकून गेली. टर्कीचा पोशाख घातलेल्या बाप्याचं पीस नेमकं आपल्याच तोंडात कसं गेलं. टी-शर्टचा रंग गेल्या वर्षीपेक्षा बरा की वाईट. हे सगळं ऐकायला मजा येते, खोटं कशाला बोला? पण शेवटी एक वाक्य हमखास येतं. "आणि मेन म्हणजे यार, चॅरिटीसाठी धावलो!"

माझं भांडण आहे ते या शेवटच्या वाक्याशी.

आधीच सांगून टाकतो, मी धावण्याच्या विरोधात नाही. मी स्वतः धावतो. आठवडाभर खुर्चीत बसून पाठीचं धनुष्य करून घेतलेल्या माणसाला रविवारी सकाळी पाच किलोमीटर धावल्यावर जे वाटतं ते मला चांगलं माहीत आहे. आणि या शर्यतींची परंपराही काही आजकालची नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरात १८९६ साली वायएमसीएने थँक्सगिव्हिंगला पहिली शर्यत भरवली तेव्हा सहा जण धावले होते. ती आजतागायत चालू आहे, बॉस्टन मॅरेथॉनपेक्षा काही महिन्यांनी जुनी. आज थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेत धावण्याच्या शर्यतींचा सगळ्यात मोठा दिवस आहे. आमच्या सॅन होजेतली सिलिकॉन व्हॅली टर्की ट्रॉट २००५ साली सुरू झाली. त्यानंतर डिसेंबरभर बुटांना घुंगरू बांधून 'जिंगल बेल रन' (ही आर्थ्रायटिस फाउंडेशनची), सांताच्या लाल टोप्या घालून आणखी कुठल्या कुठल्या शर्यती. थोडक्यात, गणपती ते दिवाळी आपल्याकडे जो माहोल असतो तो इथे धावपटूंचा थँक्सगिव्हिंग ते न्यू इयर असतो. धावा की. खुशाल धावा.

प्रश्न फक्त एवढाच आहे की तुम्ही भरलेल्या पैशातले किती कुणाला पोचले? आणि हे आपल्याला माहीत नसेल, तर 'चॅरिटीसाठी' हा शब्द आपण कुठल्या तोंडाने वापरतो?

आपण इंजिनियर लोक. प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं तर लॉग बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही. मग इथेही एका डॉलरचा माग काढून बघू. समजा तुम्ही पन्नास डॉलर एंट्री फी भरलीत. त्यातून टी-शर्ट येतो. पदक येतं. बिबला चिकटवलेली टायमिंगची चिप येते आणि ती वाचणारी यंत्रणा भाड्याने येते. शहराची परवानगी, बंद केलेले रस्ते, त्या रस्त्यांवरचे पोलीस, विमा, फिरती स्वच्छतागृहं, पाणी, केळी, फोटोवाला, ऑनलाइन नोंदणी करणाऱ्या वेबसाइटचं कमिशन. यातला एकही खर्च चोरीचा नाही, सगळे रास्त आहेत. पण या सगळ्याचा लाभार्थी कोण? तुम्ही! धावायला रस्ता तुम्हाला मिळाला, केळं तुम्ही खाल्लंत, फोटो तुमचा निघाला. हे सगळं वजा जाता जे उरेल ते चॅरिटीचं. उरेल तर. बऱ्याच शर्यतींचा डोलारा फीवर नाही तर प्रायोजकांच्या पैशावर उभा असतो आणि चॅरिटीला जाणारी खरी रक्कमही तिथूनच येते. म्हणजे दान बँकेने किंवा हॉस्पिटलने केलं, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालो आपण.

हे माझं मत आहे म्हणून सोडून देऊ नका, इथलं इन्कम टॅक्स खातंही हेच म्हणतं. दानाच्या बदल्यात काही वस्तू किंवा सेवा मिळाली, तर तिची बाजारभावाने किंमत वजा करून उरलेल्या रकमेलाच दान म्हणायचं असा नियम आहे. अशी रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल तर संस्थेने ते लेखी कळवावंसुद्धा लागतं. म्हणजे ज्या खात्याला आपण निर्दयी म्हणतो त्याला टी-शर्ट आणि दान यातला फरक कळतो, आणि आपल्याला कळत नाही.

गेल्या वर्षी माझ्या एका मित्राचे वडील सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून इकडे आले होते. शर्यतीला लेकाबरोबर आले, कडेला उभे राहून टाळ्याबिळ्या वाजवल्या. दुपारी आमची अनुभवकथनं ऐकून घेतली आणि मग शांतपणे विचारलं, "काय रे, म्हणजे पळायचे पैसे तुम्ही भरता?" हो म्हटलं काका. "मग ते गरिबाला किती पोचले?" सगळे गप्प. एक जण म्हणाला, बाबा, सुट्टीच्या दिवशी हिशेब कसले काढताय? काका म्हणाले, "बारा वर्षं कॉलनीच्या गणपतीचा खजिनदार होतो मी. एकावन्न रुपये वर्गणी देणारासुद्धा पावती मागायचा. आणि विसर्जनानंतर आठ दिवसांत जमाखर्च फळ्यावर लागला नाही तर लोक जिन्यात गाठायचे."

मुद्दा इतका सरळ आहे. गणपतीच्या वर्गणीचे डेकोरेशनला किती आणि डीजेला किती गेले यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमरीतुमरीवर येणारे आपण, इथे क्रेडिट कार्डवरून पन्नास-साठ डॉलर जातात तेव्हा एक प्रश्न विचारत नाही. का? कारण वर्गणी देताना आपण देणारे असतो. इथे आपण खरं तर गिऱ्हाईक आहोत. गिऱ्हाइकाला माल मिळाला की तो खूश. फक्त वर 'दानशूर' असं लेबल फुकटात मिळतंय, तर ते कोण नाकारेल?

बरं, हिशेब मिळत नाही असंही नाही. इथल्या ठराविक आकारापुढच्या धर्मादाय संस्थांना दरवर्षी 'फॉर्म ९९०' भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. त्याला 'शेड्यूल जी' नावाचं परिशिष्ट असतं. मोठे निधी जमवणारे कार्यक्रम करणाऱ्या संस्था त्यात कार्यक्रमाला एकूण किती जमले आणि खर्च किती झाला हे लिहितात. जीपीएस घड्याळातला प्रत्येक किलोमीटरचा वेग, हृदयाचे ठोके, चढ-उतार यांचे आलेख तासभर न्याहाळणाऱ्या माणसाला हे शोधायला दहा मिनिटं लागणार नाहीत. आणि शर्यत एखाद्या खाजगी कंपनीने भरवली असेल तर हा फॉर्मही नाही. तिथे 'उत्पन्नाचा काही भाग अमुक संस्थेला' एवढंच बारीक अक्षरात असतं. 'काही भाग'! असली रिक्वायरमेंट क्लायंटने पाठवली तर आपण त्याला दहा प्रश्न विचारून भंडावून सोडू.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? थोडी फुशारकी मारली तर बिघडलं कुठे? सांगतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून सरकारी शटडाउनमुळे 'स्नॅप' योजनेचे, म्हणजे पूर्वी ज्यांना फूड स्टॅम्प म्हणत त्यांचे पैसे अडकले. या योजनेवर सुमारे चार कोटी वीस लाख माणसं किराणा भरतात. १२ नोव्हेंबरला शटडाउन संपलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. त्या काळातल्या एका शनिवारी मी इथल्या एका फूड बँकेत तीन तास बटाटे आणि गाजरं पिशव्यांत भरत होतो. बाहेर गाड्यांची रांग. सिविक, कॅम्री, जुनी ओडिसी. आमच्या हापिसाच्या पार्किंगमध्ये असतात त्याच गाड्या. मागच्या सीटवर शाळकरी पोरं, आणि पिशवी डिकीत ठेवेपर्यंत समोर बघत बसलेले आईबाप. पंधरा दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंग होतं. त्या दिवशीच्या आमच्या गप्पांमध्ये पोटऱ्या होत्या, बूट होते, वेळा होत्या. ज्यांच्या नावाने आपण धावलो म्हणतो ती माणसं कुठल्याच गोष्टीत नव्हती. 'चॅरिटीसाठी' या शब्दात एका माणसाचं पोट आहे, हे आपण विसरलो आहोत. बिघडलं ते इथे.

यावरचे नेहमीचे युक्तिवादही घेऊन टाकू.

"अरे, शर्यत नसती तर तेवढेही पैसे गेले नसते." हा सगळ्यात दमदार मुद्दा आहे आणि अर्धा खराही आहे. गर्दी जमते म्हणून प्रायोजक येतात हे मान्य. पण मग श्रेय गर्दीला द्या, स्वतःला नको. आणि आपल्यासारख्या पगारदारांबद्दल बोलायचं तर हे गणित उलटंही आहे. माझ्या कंपनीत मी दान दिलं तर कंपनी तेवढीच भर घालते. शर्यतीची फी त्यात चालत नाही, कारण तिच्या बदल्यात वस्तू मिळते. म्हणजे तेच पन्नास डॉलर फूड बँकेला सरळ दिले तर तिथे शंभर पोचतात.

"जनजागृती होते ना!" कसली? अमेरिकेत लोक उपाशी आहेत ही बातमी टर्कीची टोपी घालून पळणाऱ्या माणसाकडून कुणाला कळली असेल तर मला भेटवा. :)

"आम्ही कॅन नेऊन देतो." सुरुवातीच्या रेषेपाशी ठेवलेल्या पिंपात घरातला नकोसा झालेला मक्याचा डबा टाकणं, याला मी कपाट आवरणं म्हणेन. फूड बँक घाऊक भावात माल घेते. तुमच्या एका डब्याच्या पैशात ती कितीतरी जास्त अन्न आणते. पैसे द्या.

आणि धावण्यातून खरोखर पैसा उभा राहतो हे मी नाकारत नाहीच. ते कसं करायचं हे टेरी फॉक्सने दाखवून दिलं आहे. हाडाच्या कॅन्सरने उजवा पाय गेलेला हा कॅनडाचा पोरगा १९८० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी कृत्रिम पायावर देश पार करायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. १४३ दिवस, ५३७३ किलोमीटर. कॅन्सर फुप्फुसात पोचला तेव्हा थांबला, आणि जून १९८१ मध्ये गेला. त्याचं मागणं स्वच्छ होतं, प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर, संशोधनासाठी. फेब्रुवारी १९८१ पर्यंत दोन कोटी एक्केचाळीस लाखांवर डॉलर जमले, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येइतके. त्याच्या नावाने होणाऱ्या दौडीत कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. तसंच १९८८ साली ल्युकेमियाच्या संस्थेसाठी ३८ जण न्यूयॉर्क मॅरेथॉन धावले आणि त्यांनी ३,२२,००० डॉलर जमवले. 'टीम इन ट्रेनिंग' तिथून सुरू झाली. या दोन्ही गोष्टींत फरक काय आहे बघा. धावणारा दारोदार गेला, त्याने मागितलं, नकार ऐकले, आकडा सांगितला. धावणं हे मागण्याचं निमित्त होतं. आपल्याकडे दान हे धावण्याचं निमित्त झालं आहे.

म्हणून माझ्या मागण्या तीनच. आयोजकांना: पुढच्या वर्षीच्या बिबवर प्रायोजकांच्या डझनभर लोगोंच्या जोडीला एक ओळ छापा, गेल्या वर्षी इतके जमले, इतके खर्च झाले, इतके पोचले. धावणाऱ्यांना: फीला फी म्हणा, आणि फीइतकीच रक्कम वेगळी काढून सरळ त्या संस्थेला द्या. ती न देता धावलात तरी काही पाप नाही, फक्त मग "मस्त धावलो" म्हणा आणि थांबा, तेही छान वाक्य आहे. आणि तिसरी मागणी ऐकणाऱ्यांना. समोरचा "चॅरिटीसाठी धावलो" म्हणाला की मान डोलावून समोसा उचलू नका. हसत हसत, प्रेमाने, पण विचारा, "किती पोचले रे?"

वाईट दिसेल, मान्य. सणासुदीला हिशेब काढणारा माणूस कुणालाच आवडत नाही. पण वर्गणीची पावती मागणाऱ्या माणसांमुळेच मंडळाचा जमाखर्च फळ्यावर लागतो.

असो. यंदाच्या नोंदण्या सुरू होतील तेव्हा भेटूच सुरुवातीच्या रेषेवर. तुमचं टायमिंग नक्की ऐकेन. आधी पावती.