श्रमाचा जमाखर्च

फुटबॉलच्या सामन्यांत अमका धांवलाच नाहीं, तमका आळशी आहे, असे शेरे मैदानाच्या कडेस उभे राहून आपण सर्वच सहज देतों. धंदेवाईक खेळाडूंच्या बाबतींत हल्लीं असें अंदाजानें बोलावें लागत नाहीं. त्यांच्या सदऱ्याखालीं एक तंग बंडी असते व तिच्यांत दोन खांद्यांच्या मध्यें लहानसें यंत्र बसविलेलें असतें. उपग्रहांच्या साह्यानें तें खेळाडूनें किती अंतर कापलें, किती वेळां एकदम वेग घेतला, याची नोंद ठेवतें. छातीवरील पट्टा हृदयाचे ठोके मोजतो. सन २०१५ मध्यें खेळाचे नियम करणाऱ्या मंडळानें अशीं यंत्रें सामन्यांतही बाळगण्यास मुभा दिली. अशा मोजणीवरून दिसतें कीं, नव्वद मिनिटांत खेळाडू साधारणतः १० ते १२ किलोमीटर जातो, आणि त्यांतील बराच भाग तो चालत किंवा संथ पळत असतो! गोलरक्षकाचें अंतर तर याच्या निम्म्याच्या आसपास भरतें. म्हणून त्यास कोणी कामचुकार म्हणत नाहीं.

आंकडा खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकूं शकतो, याचें उदाहरण आपल्याच तालुक्यांत आहे. खेळ निराळा, गोष्ट तीच. तळेगांव रोहीचे दत्तू भोकनळ हे विहिरी खणण्याच्या कामावर राबलेले. सैन्यांत गेल्यावर ते वल्हें मारण्यास शिकले. पाण्यासाठीं तळमळणाऱ्या गांवचा हा तरुण सन २०१६ मध्यें रिओच्या ऑलिंपिकमध्यें २,००० मीटरांच्या एकेरी नौकाशर्यतींत तेरावा आला. पुढें सन २०१८ च्या आशियाई खेळांत एकेरीच्या अंतिम शर्यतींत, प्रकृति बिघडलेली असतां, ते सर्वांच्या मागें राहिले. घड्याळानें वेळ बरोबरच दाखविली. परंतु अंगांतील दुखणें कांहीं तें दाखवीत नाहीं. दुसऱ्याच दिवशीं स्वर्ण सिंग, ओम प्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह त्यांनीं चौघांच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. आदल्या दिवसाचा आंकडा पाहून त्यांस कोणी नावेंतून उतरविलें असतें तर?

म्हणूनच जाणते शिक्षक यंत्राबरोबर खेळाडूसही विचारतात. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनीं आपले श्रम आपणच अंकांत सांगण्याची रीत घालून दिली. तिचें सोपें रूप असें: खेळ आटोपल्यावर थोड्या वेळानें, श्रम किती झाले यास शून्य ते दहापैकीं एक अंक द्यावयाचा व त्यास खेळाच्या मिनिटांनीं गुणावयाचें. दोन मुलें चाळीस मिनिटें सारखींच पळालीं. एकानें तीन सांगितले, दुसऱ्यानें आठ. एकाचे १२० झाले, दुसऱ्याचे ३२०. अंतर मोजणाऱ्या यंत्रास दोघेही सारखेच! पण दुसरा कदाचित् सकाळीं पाण्याच्या खेपा घालून, वाडीवरून पायीं, अर्धपोटीं आलेला असेल. ह्या हिशेबास यंत्र नको, पैसा नको. गुणाकार मात्र यावयास पाहिजे, आणि तो आमच्या कांहीं वीरांस आला तर गणिताचे मास्तरही संतुष्ट होतील.

आमची सूचना अशी कीं, प्रत्येक खेळणाऱ्या मुलानें व मुलीनें एक वही ठेवावी: तारीख, मिनिटें, श्रमांचा अंक, रात्रीची झोप. शिक्षकांनीं ती आठवड्यास पाहावी. बेरीज मागील आठवड्यांहून एकाएकीं फार चढली असल्यास त्या मुलास विसांवा द्यावा. मात्र ही वही फळ्यावर उतरवूं नये आणि तिच्यावरून क्रमांक तर मुळींच लावूं नयेत. मुलें खोटे अंक लिहितील, असा आक्षेप येईल. कांहीं लिहितीलही. पण आठ लिहिल्यानें टोमणा व तीन लिहिल्यानें शाबासकी मिळूं लागली, तर खरें लिहिणाराही लवकरच तीन लिहूं लागेल, आणि मग वहीचा उपयोग काय?

पालकांसही ती वही दाखवावी. एकाच कामास मुलानें चार दिवस ओळीनें आठ लिहिले असतील, तर त्याच्या धांवण्याविषयीं बोलण्यापूर्वीं तो सकाळीं काय खाऊन निघाला होता, एवढें घरीं विचारावें.